साठ वर्षं जुनी बोटीची मोटार घरी कशी सुरू करायची? ठिणगी, दाब, पेट्रोल, पाणी आणि मध्ये आलेलं ई२०

होडीच्या मागच्या फळीला अडकवलेलं एक यंत्र तुम्ही पाहिलं असेल. वर इंजिन, मध्ये लांब दांडा आणि खाली पाण्यात पंखा. मालवणला, वसईच्या खाडीत, नाहीतर पुराच्या बातम्यांमध्ये एनडीआरएफच्या रबरी बोटीला. हीच आउटबोर्ड मोटार. मच्छीमार आणि बचाव पथकातली माणसं तिला थोडक्यात ‘ओबीएम’ म्हणतात.

माझ्याकडे आहे ती ब्रिटिश सीगल. भिवंडीच्या एका भंगार गोदामात ती गंजलेल्या पाइपांच्या ढिगात पडली होती आणि मला किलोच्या भावाने मिळाली. आता ती अंबाडीत आमच्या अंगणात लाकडी घोडीवर उभी आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो: ही चालते का, आणि पावसाळ्यात तानसेला पूर आला की कामाला येईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्यात हा लेख जाणार आहे. दुसऱ्याचं उत्तर शेवटी, पण ते जास्त महत्त्वाचं आहे.

थोडं मागे जाऊया. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये आउटबोर्ड मोटारी विकायला सुरुवात केली. त्या आधीही काहींनी प्रयत्न केले होते, पण धंदा म्हणून हे यंत्र उभं राहिलं ते एव्हिनरूडमुळे. त्या नावाच्या मोटारींचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. यामाहाने पहिली आउटबोर्ड १९६० मध्ये काढली. सीगल ही इंग्लंडमधल्या पूल नावाच्या बंदरगावातली (नाव ‘पूल’च आहे, पुलाशी संबंध नाही). दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने ती हजारोंनी घेतली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. म्हणजे कंपनीचं सर्व्हिस सेंटर वगैरे विसरा.

पण गंमत अशी की हिला सर्व्हिस सेंटर लागतही नाही. तुमचा फोन उघडायला हीट गन लागते, चिकटवलेला डिस्प्ले काढावा लागतो आणि आत जाऊनही काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसत नाही. सीगलमध्ये एक सिलिंडर, एक पिस्टन, एक कार्ब्युरेटर, एक फ्लायव्हील आणि खाली दोन गिअर. बॅटरी नाही, सेन्सर नाही, सेल्फ स्टार्ट नाही. बिघाड चारच ठिकाणी असू शकतो: ठिणगी, दाब, पेट्रोल आणि पाणी. या क्रमाने गेलात तर अर्धं इंजिन उघडायचीही गरज पडत नाही.

पाना उचलण्याआधी फोन उचला

पहिला दिवस फक्त फोटोंचा. चारही बाजूंनी, प्रत्येक नटाचा, प्रत्येक वायरीचा. क्रँककेसवर ठोकलेला सिरियल नंबर शोधा, त्यावरून मॉडेल आणि साधारण साल काढता येतं. गंजामुळे नंबर दिसत नसेल तर त्यावर खडू घासा, टॉर्च आडवा धरा आणि मग फोटो काढा. सरळ समोरून फ्लॅश मारला तर काहीच दिसत नाही.

नंतर खोलताना प्रत्येक भाग काढायच्या आधी एक फोटो आणि काढल्यावर एक. वॉशरची कोणती बाजू वर होती हे आपल्याला नक्की आठवेल असं वाटतं. तीन आठवड्यांनी आठवत नाही. मी प्रत्येक डबीवर नंबर लिहून तोच नंबर फोटोत दिसेल अशी ठेवतो. श्रीखंडाचे रिकामे डबे यासाठी उत्तम.

एक सावधगिरी इथेच सांगतो. त्या काळातल्या रंगात शिसं आणि पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यामुळे कोरडा पॉलिशपेपर मारून धूळ उडवू नका. पॅकिंग ओलं करून खरवडा, रंग ओल्या पेपरने घासा, तोंडाला नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क लावा आणि घरातल्या लहान मुलांना लांब ठेवा. खरं तर रंगाला हात लावायची घाईच नको. चकचकीत रंगवलेली पण बंद पडलेली मोटार म्हणजे शोपीस.

ठिणगी

प्लग काढा. बऱ्याच जुन्या सीगलमध्ये प्लगची आटी १८ मिमीची असते. आपल्या बाइकचे प्लग १४ किंवा १० मिमीचे, त्यामुळे ते बसणार नाहीत, जबरदस्ती करू नका. जुना प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग सिलिंडरला टेकवा. प्लगच्या भोकावर फडकं ठेवा, म्हणजे आतली वाफ ठिणगीजवळ येणार नाही. मग दोरी ओढा. सावलीत पाहिलं तर निळसर ठिणगी दिसायला हवी. दिसत नसेल तर फोनवर स्लो मोशन लावून बघा, डोळ्यांना चुकलेली ठिणगी कॅमेऱ्यात सापडते. प्लग हाताने धरू नका, झटका जोरदार बसतो.

बॅटरी नसताना ही ठिणगी येते कुठून? फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक असतात. ते कॉइलजवळून फिरले की कॉइलमध्ये वीज तयार होते. नेमक्या क्षणी ‘पॉइंट’ नावाची छोटी पट्टी उघडते, प्रवाह तुटतो आणि त्या झटक्याने दुसऱ्या कॉइलमध्ये हजारो व्होल्ट उठतात. ज्यांच्या घरी लुना होती त्यांना हे माहीत आहे. तुमच्या गावात लुनावर हात बसलेला पन्नाशी-साठीचा मेकॅनिक असेल तर त्याला गाठा. नवीन पोरांना फ्युएल इंजेक्शन कळतं, पण ‘पॉइंट साफ करून गॅप लाव’ म्हटलं की ती बघत राहतात.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मोटारीत पॉइंटवर करडा थर चढतो आणि वीज अडते. माझ्या मोटारीत एवढंच होतं. अगदी बारीक पेपर एकदा ओढायचा, मग पेट्रोलमध्ये बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं, आणि फिलर गेज लावून गॅप साधारण अर्धा मिलिमीटर. एवढं करून ठिणगी आली नाही तर संशय कंडेन्सरवर आणि शेवटी कॉइलवर. कंडेन्सर स्वस्त असतो, आधी तो बदला.

दाब

प्लगच्या भोकावर अंगठा दाबून फ्लायव्हील हाताने फिरवा. अंगठा ढकलला जायला हवा. बसं, दाब आहे. फ्लायव्हील फिरतच नसेल तर पिस्टन जाम आहे, आणि इथेच लोक मोटारी मारतात. हातोडा, पाइपाचा लिव्हर, ‘एक फटका दे, सुटेल’. ओतीव लोखंड फटक्याने सुटत नाही, तडकतं.

प्लगच्या भोकातून डिझेल आणि थोडं गिअर ऑइल ओता. रॉकेल चाललं असतं, पण ते आता मिळतंय कुठे! रोज थोडं ओतायचं, रोज फ्लायव्हीलला दोन्ही दिशांना हलकासा हिसका द्यायचा. आठवडा लागेल, तीन लागतील. एक दिवस केसभर हलतं आणि मग सुटतं.

बुश झिजले असतील तर मात्र लेथचं काम आहे आणि इथे भिवंडीचा फायदा होतो. यंत्रमागांच्या गावात गनमेटलचे बुश करून देणारे कारागीर मिळतात. त्यांना नमुना दाखवला की पुरतं, मोटार कोणत्या देशाची आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

पेट्रोल, म्हणजे खरी अडचण

इंटरनेटवर सीगलवरचे चिक्कार व्हिडिओ आहेत, बहुतेक इंग्लंडमधले. ते बघून काम केलं तर एक गोष्ट हमखास सुटते. त्यांचं पेट्रोल आणि आपलं पेट्रोल एक नाही. भारतात २०२३ मध्ये ई२० पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचलं. ई२० म्हणजे शंभर भागांत वीस भाग इथेनॉल. १९६० च्या आसपास ही मोटार बनवणाऱ्यांच्या डोक्यात हे कुठेच नव्हतं.

याने तीन गोष्टी होतात.

एक, इथेनॉल जुने रबर, बूच आणि काही चिकटद्रव्यं फुगवतं किंवा विरघळवतं. सीगलच्या पेट्रोलच्या तोटीत आतलं पॅकिंग बुचाचं असतं. टाकीत साठ वर्षांचा सुकलेला गाळ असेल तर इथेनॉल तोही सोडवतं आणि तो थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. म्हणून टाकी आधी स्वच्छ करायची. मूठभर छोटे नट आणि थोडं डिझेल घालून हलवायची, नट मोजून घालायचे आणि मोजून काढायचे. पेट्रोलची नळी नवीन, इथेनॉल चालेल अशी घ्यायची. मत्स्यालयाची पारदर्शक नळी दिसायला छान, पण काही दिवसांत कडक होऊन तडकते.

दोन, इथेनॉल जळायला हवा कमी लागते. नुसतं पेट्रोल असेल तर १ किलोला साधारण १४.७ किलो हवा, ई२० असेल तर साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतो. मिश्रण पातळ होतं, इंजिन गरम चालतं. नव्या गाडीत सेन्सर हे सांभाळून घेतो. इथे सेन्सर तुम्ही. कार्ब्युरेटरची सुई एक खाच वर घ्या, थोडं चालवून प्लग काढून बघा. कॉफीसारखा तपकिरी रंग हवा. पांढरा प्लग म्हणजे इंजिन उपाशी आहे.

तीन, आणि कोकणपट्टीत हे सगळ्यात वाईट, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात अर्धी टाकी दोन महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. पेट्रोल घेणारी नळी तळाशीच. आता या मोटारीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, वंगणाचा दुसरा मार्ग नाही. तळाचं ते इथेनॉलमिश्रित पाणी इंजिनात गेलं की वंगण जवळपास शून्य. इंजिन सुरू झालं तरी आतून खरवडत जातं. शंका आली तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरा. दोन थर दिसले तर ते वापरू नका.

ऑइलचं प्रमाण हा वेगळाच गोंधळ. जुन्या सीगलना १०:१ लागतं, म्हणजे लिटरला १०० मिली. नंतरच्यांना २५:१, लिटरला ४० मिली. आजच्या टू-स्ट्रोकच्या ५०:१ च्या सवयीने लिटरला २० मिली टाकलंत तर जुन्या साध्या बुशांचं काही खरं नाही. तुमची मोटार कोणत्या गटातली हे सिरियल नंबरवरून ठरवा, अंदाजाने नको. ऑइल बोटीच्या टू-स्ट्रोकचं घ्या, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं असतं.

सगळं उघड्यावर करा. पेट्रोल पडवीत, चुलीजवळ, गिझरजवळ नको. कपाटात कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर अजिबात नको, कुणीतरी तोंडाला लावेल.

पाणी

बाइकचं इंजिन हवेने थंड होतं, हे नदीच्या पाण्याने. खालच्या बाजूचा पंप पाणी वर ढकलतो, ते सिलिंडरभोवती फिरून बाहेर पडतं. पाणी बंद झालं की इंजिन मिनिटांत तापतं आणि पिस्टन जाम. ठिणगी नसली तर मोटार नुसती सुरू होणार नाही. पाणी नसलं तर मस्त सुरू होईल आणि मरेल.

म्हणूनच जुनी मोटार घेताना माझा पहिला प्रश्न असतो: खाडीची की नदीची? काल्हेर-कशेळीकडच्या खाडीत चाललेली मोटार आणि तानसेच्या गोड्या पाण्यात चाललेली मोटार यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. खाडीच्या मोटारीत पाण्याच्या वाटा मीठ आणि गाळाने चोंदलेल्या असतात आणि ॲल्युमिनियममधले स्टीलचे बोल्ट जागीच एकजीव झालेले असतात. तिथे ताकद लावली की बोल्टचं डोकं हातात येतं. गरम करा, तेल सोडा, थांबा, परत गरम करा. (गरम करायच्या आधी टाकी काढून लांब ठेवली आहे ना, बघा.)

पाण्याच्या वाटा जुन्या क्लच वायरच्या तारेने उकरायच्या आणि नळीने उलट दिशेने पाणी सोडायचं. माझ्या मोटारीतून आधी काळा चिखल आला, मग शिंपल्याचे तुकडे, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ पाणी. शिंपल्यांवरून कळलं की ती खाडीची होती.

बहुतेक इतर कंपन्यांच्या मोटारींमध्ये पंपात रबरी पंखा असतो. तो भिंतीला घासत फिरतो आणि पाण्याशिवाय काही सेकंद चालवला तरी जळतो. तो न तपासता नवीन टाकायचा. सीगलचा पंखा भिंतीला घासत नाही, त्यामुळे तो टिकतो, पण खेचायला तो पाण्यात पूर्ण बुडालेला हवा.

खालच्या गिअरबॉक्समधून दुधाळ, मलईसारखं ऑइल आलं तर सीगलमध्ये घाबरू नका. तिच्या रचनेतच थोडं पाणी आत जातं, म्हणून जाड १४० नंबरचं ऑइल वापरतात आणि ते वरचेवर बदलतात. यामाहात किंवा सुझुकीत असं दिसलं तर मात्र सील गेलेलं आहे.

पिंपात पहिली सुरुवात

दोनशे लिटरचं पिंप, पंप बुडेल एवढं पाणी, आणि मोटार मजबूत फळीला घट्ट आवळलेली. साध्या सीगलमध्ये न्यूट्रल नसतो, इंजिन सुरू झालं की पंखा फिरणारच. म्हणून पिंपात चालवताना मी पंखा काढून ठेवतो. त्यामुळे इंजिनावर भार राहत नाही, तेव्हा थ्रॉटल कमीच ठेवायचं.

फ्लायव्हील उघडं असतं. दोरी गाठ अडकवून गुंडाळायची आणि ओढायची. ओढणी, मोकळे केस, गळ्यातली साखळी, काहीही लोंबकळत नको. ओढलेल्या दोरीचा फटका मागे उभ्या असलेल्याच्या तोंडावर बसतो, त्यामुळे व्हिडिओ काढणारा मित्र बाजूला उभा राहील. आणि हे काम शेडमध्ये नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सुरू झाल्यावर पहिले तीस सेकंद आवाज ऐकत बसू नका, पाणी बघा. ते बाहेर येत नसेल तर लगेच बंद. बंद कसं करायचं हेही आधीच ठरवा, कारण बऱ्याच जुन्या सीगलना बंद करायचं बटणच नाही. थ्रॉटल पूर्ण मिटवायचं, नाहीतर चोक लावायचा.

आता फोनचा सगळ्यात भारी उपयोग. ध्वनीचा स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही मोफत ॲप घ्या. टू-स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, म्हणजे आवाजाची मूळ वारंवारता आणि सेकंदाचे फेरे एकच. ॲपमध्ये ४० हर्ट्झला शिखर दिसलं तर ४० गुणिले ६०, मिनिटाला २४०० फेरे. ८० ला दुसरं शिखर दिसेल, ते पहिल्याचंच दुप्पट, त्याला फसू नका. शेजारी पाण्याचा पंप चालू असेल तर ५० आणि १०० लाही गुणगुण दिसते, तो विजेचा आवाज. हजारोंचा टॅकोमीटर घ्यायची गरज नाही.

मग, पुरात चालेल का?

नाही. माझी मोटार आता पाचव्या-सहाव्या ओढीला सुरू होते, याचा मला अभिमान आहे. पण पाचवी-सहावी ओढ पुराच्या धारेत मोजायची नसते. न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही, एका पॉइंटवर ओल बसली की ठिणगी गायब. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटली आणि त्यात जीव गेले. पुराच्या पाण्यात चांगली बोटसुद्धा दगा देते. शेजारच्यांनी कितीही भरीला घातलं तरी हौसेची मोटार बचावाला न्यायची नाही.

नदीत साधी फेरी मारायची असली तरी दोन गोष्टी बघा. बोटीला मोटार लावली की ती कायद्याने यांत्रिक बोट होते आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणीचा प्रश्न येतो. चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करा. लाइफ जॅकेट आणि वल्ही सोबत हवीतच. दुसरं, टू-स्ट्रोक मोटार थोडं न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल थेट पाण्यात सोडते, आणि १०:१ वाली तर जास्तच. तानसा तलाव म्हणजे मुंबईचं पिण्याचं पाणी, तिकडे ही नेण्याचा विचारही नको. पिंपातलं तेलकट पाणीसुद्धा ओहोळात ओतू नका. वर तरंगणारं ऑइल जुन्या फडक्याने किंवा लाकडाच्या भुशाने टिपून घ्या.

काम झालं की पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. टाकीतलं उरलेलं पेट्रोलही काढा, ई२० ला पावसाळाभर टाकीत ठेवायचं नाही. खारं पाणी लागलं असेल तर गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवा. नंतर प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल, दोन-तीन हलक्या ओढी, आणि मोटार उभी ठेवा. आडवी ठेवली तर आत राहिलेलं पाणी सिलिंडरकडे येतं.